पट्टा कुणाच्या पायात?

फुलचूर आता गाव कमी आणि गोंदिया शहराचा विस्तार जास्त झालं आहे. आमगाव रस्त्याने शहराबाहेर पडलं की नाका लागतो, नव्या लेआउटच्या पाट्या लागतात आणि त्यांच्या मागे अजून धानाच्या बांध्या दिसतात. जिथे घरं उठतात तिथे गवंडी लागतात. असा एक गवंडी डोळ्यांसमोर आणू. तो या लेखापुरता कल्पिलेला माणूस आहे. पण त्याच्यावर जे गुदरतं, ते आपल्या न्यायालयांत रोज कुणा ना कुणावर गुदरत असतं.

साइटवरच्या लोखंडी सळया चोरल्याचा त्याच्यावर आरोप आहे. अटक झाली, चार दिवसांनी गोंदियाच्या न्यायालयाने जामीन मंजूर केला. पंचवीस हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार, अशी अट. घरच्यांना वाटलं, सुटला. पण जामीन मंजूर होणं आणि माणूस बाहेर येणं यांच्यामध्ये कागदांची एक रांग असते. जामीनदाराचा सातबारा किंवा घराची टॅक्स पावती, आधार कार्ड, तहसीलमधून ऐपतीचा दाखला. गवंड्याचं घर वडिलांच्या नावावर, शेत नाही. ठेकेदार जामीन राहिला असता, पण फिर्यादी तोच. सासऱ्याकडे चार एकर धानाची शेती आहे, पण ती बालाघाट जिल्ह्यात, म्हणजे मध्य प्रदेशात. गोंदियाचं अर्धं सोयरपण वैनगंगेपलीकडे आणि बाघ नदीपलीकडे असतं. लग्नं ठरवताना कुणी राज्याची सीमा बघत नाही. न्यायालयात मात्र सांगितलं जातं, इथलाच जामीनदार आणा.

तोवर माणूस भंडाऱ्याच्या जिल्हा कारागृहात. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण कच्च्या कैद्याच्या घरच्यांची भंडाऱ्याची वाट काही सुटलेली नाही. मुलाखतीला जायचं तर रेल्वेने वरठीला उतरायचं, तिथून ऑटो, दारात नंबर लावायचा, काही मिनिटं बोलायचं आणि परत. त्या दिवसाची मजुरी गेली ती गेलीच.

या माणसाला बाहेर आणायचा एक आधुनिक उपाय म्हणून आता पायात बांधायच्या ट्रॅकरचं नाव घेतलं जातं. जामिनावर सोडायचं, घोट्याला पट्टा बांधायचा आणि तो कुठे आहे हे यंत्राने बघत राहायचं. तुरुंगातली गर्दी कमी होईल, सरकारचा खर्च वाचेल, माणूस घरी राहील. ऐकायला हे चांगलं वाटतं, आणि मांडणारे बहुतेक लोक सद्हेतूनेच मांडतात. म्हणूनच ते नीट तपासायला हवं.

आधी आकडा पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे किंवा उभाही राहिलेला नाही असे. शंभरातले जवळपास शहात्तर. यांतल्या कितीतरी जणांना जामीन नाकारलेलाच नसतो. तो मिळालेला असतो, पण पेलवत नाही.

हे दुखणं नवं नाही. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा खटला आला. मोतीरामही गवंडीच होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला होता, पण खालच्या दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाला नाकारलं, कारण भाऊ आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही अडवणूक मोडून काढली आणि त्याला एक हजाराच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला. आपल्याच देशातला माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून जामीनदार म्हणून चालत नाही, ही गोष्ट त्यांना संविधानाशी विसंगत वाटली. त्या निकालाला आता पन्नास वर्षं होत आली.

लगेच पुढच्या वर्षी हुसैनारा खातून प्रकरण आलं. त्याचं मूळ विदर्भाला जवळचं आहे. नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले पोलीस अधिकारी के. एफ. रुस्तमजी, सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख, तेव्हा राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य होते. बिहारच्या तुरुंगांत त्यांनी जे पाहिलं ते त्यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये लिहिलं. ज्या गुन्ह्याची शिक्षाच काही महिन्यांची, त्यासाठी माणसं वर्षानुवर्षं खटल्याविना आत होती. ते वाचून वकील कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायमूर्ती भगवती यांनी त्या प्रकरणात सांगितलं की माणूस तारखेला येईल की नाही हे त्याच्या पैशावरून ठरवू नका. तो गावात किती वर्षं राहतो, कामधंदा काय, घरात कोण कोण आहे, गावात त्याची ओळख कशी आहे, पूर्वीचे गुन्हे आहेत का, त्याच्याबद्दल शब्द देणारं कुणी आहे का, हे बघा आणि मूळ धरून असलेल्या माणसाला जातमुचलक्यावर सोडा.

ही कल्पना न्यूयॉर्कमध्ये आधीच कसाला लागलेली होती. १९६१ मध्ये तिथे ‘मॅनहॅटन बेल प्रोजेक्ट’ सुरू झाला. कायद्याचे विद्यार्थी अटकेतल्या माणसाशी बोलत, पत्ता, नोकरी, नातेवाईक यांची फोन करून खातरजमा करत आणि न्यायाधीशाला शिफारस करत. पहिल्या तीन वर्षांत ३,५०५ माणसं एक पैसा न भरता सुटली. त्यांतली जाणूनबुजून गैरहजर राहिलेली शंभरात दोनसुद्धा नव्हती. पट्टा नव्हता, यंत्र नव्हतं. होती ती थोडी चौकशी.

फुलचूरच्या गवंड्याला ही फूटपट्टी लावून बघा. जन्म इथला, बायको-पोरं इथे, काम इथे, पूर्वीचा गुन्हा नाही. त्याला आत ठेवणारी गोष्ट एकच, ऐपतीचा दाखला.

आता यंत्राकडे वळू. घोट्याच्या ट्रॅकरचा जन्म तुरुंगवाल्यांच्या डोक्यातून झालेला नाही. १९६० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठात राल्फ आणि रॉबर्ट श्वित्झगेबल या जुळ्या भावांनी, ज्यांनी पुढे गेबल हे आडनाव लावलं, अंगावर वागवायचं संदेशयंत्र तयार केलं. गुन्हेगारीकडे वळलेली तरुण पोरं ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी आली की त्यांना बक्षीस द्यायचं, हा त्यांचा हेतू होता. फुकट केस कापून मिळणं, मैफलीचं तिकीट अशी बक्षिसं. माणूस चांगला वागला तर ते कळावं म्हणून केलेलं यंत्र पुढे तो वाईट वागला तर कळावं म्हणून वापरात आलं. त्याला ते वळण मिळालं न्यू मेक्सिकोच्या अल्बुकर्क शहरात. न्यायाधीश जॅक लव्ह यांनी वर्तमानपत्रातल्या स्पायडरमॅनच्या चित्रमालिकेत खलनायक नायकाच्या मनगटाला शोधयंत्र अडकवतो असं पाहिलं होतं. संगणक विकणाऱ्या मायकेल गॉस यांनी तसं यंत्र बनवून दिलं, लव्ह यांनी ते आधी स्वतःच्या पायात घालून पाहिलं आणि १९८३ च्या एप्रिलमध्ये ते पहिल्या माणसाच्या घोट्याला बांधलं गेलं.

खटल्याआधीच्या जामिनासाठी ब्रिटनने १९८९ मध्ये तीन ठिकाणी प्रयोग केला : नॉटिंगहॅम, नॉर्थ टाइनसाइड आणि लंडनचं टॉवर ब्रिज न्यायालय. माणसं जेमतेम पन्नास, आणि निम्म्याहून जास्त जणांनी एकतर अटी मोडल्या किंवा त्यांच्यावर नवा गुन्हा दाखल झाला. तरीही कल्पना मेली नाही. यंत्र सुधारत गेलं, स्वस्त होत गेलं आणि जगभर पसरलं.

ते चालतं कसं? उपग्रह वरून आपल्याकडे बघत असतात असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. उपग्रह फक्त वेळेचा संदेश सोडत राहतात. पायातलं यंत्र निदान चार उपग्रहांचे संदेश ऐकतं आणि ते पोहोचायला लागलेल्या वेळेवरून आपण कुठे आहोत याचं गणित मांडतं. मग आतल्या सिमकार्डावरून, साध्या मोबाइल नेटवर्कने, ते ठिकाण नियंत्रण कक्षाच्या सर्व्हरला कळवतं. तिथे नकाशावर कुंपणं आखलेली असतात : या हद्दीबाहेर जायचं नाही, या घराजवळ फिरकायचं नाही, रात्री नऊनंतर घरीच. कुंपण ओलांडलं, पट्ट्यातली तार तुटली, बॅटरी उतरली, सिग्नल गेला, तर इशारा वाजतो. यंत्राचं काम तिथे संपतं. पुढे इशारा खरा की खोटा हे बघायला चोवीस तास माणसं बसवावी लागतात.

खोटे इशारे भरपूर येतात. स्लॅबच्या घरात, टिनाच्या छपराखाली उपग्रहाचा संदेश क्षीण होतो आणि नकाशावरचा ठिपका सरकतो. माणूस खाटेवर झोपलेला असतो आणि यंत्र त्याला दुसऱ्या गल्लीत दाखवतं. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यात फोनसाठी माणसं टेकाड शोधतात. तिथे पट्टा गप्प झाला तर दोष कुणाचा धरायचा? आणि रोज तास-दोन तास पाय बोर्डाला जोडून बसल्याशिवाय बॅटरी भरत नाही. ज्या दिवशी वीज जाईल, त्या दिवशी अट मोडली असं कागदावर येईल.

शेतात काय होईल? पूर्व विदर्भातली रोवणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. आषाढ-श्रावणात बाया-माणसं दिवसभर पोटरीपर्यंत चिखलात उभी असतात, लुगडं-धोतर वर खोचलेलं. यंत्र पाण्यात बिघडत नाही असं कंपनी सांगते आणि ते बहुधा खरंही असतं. पण घट्ट पट्ट्याखाली चिखल आणि पाणी साचून राहिलं तर कातडी टिकत नाही. शहरात पँटच्या आत झाकला जाणारा पट्टा बांधीत साऱ्या गावाला दिसतो. गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही आणि खूण मात्र पायावर आहे. रोवणीच्या टोळीत अशा बाईला कोण घेईल? कायदा जिला निर्दोष धरतो, तिची रोजी या खुणेने जाते.

भारतात ही गोष्ट पट्ट्याआधी फोनमधून आली, आणि त्यातलं ठळक उदाहरण महाराष्ट्राचंच आहे. भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२३ रोजी जामीन दिला. जवळपास पाच वर्षं ते आत होते. अटींमध्ये होतं : महाराष्ट्राबाहेर जायचं नाही, पासपोर्ट जमा करायचा, प्रत्येकाने एकच मोबाइल वापरायचा, तो सतत चालू आणि चार्ज ठेवायचा, त्याचं लोकेशन चोवीस तास सुरू ठेवायचं आणि तो राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या तपास अधिकाऱ्याच्या फोनशी जोडून ठेवायचा, म्हणजे त्याला हवं तेव्हा नेमकं ठिकाण कळेल. त्याच प्रकरणातल्या, नागपूर विद्यापीठात इंग्रजी शिकवलेल्या प्राध्यापक शोमा सेन यांना ५ एप्रिल २०२४ रोजी जामीन मिळाला, तोही अशाच लोकेशनच्या अटीवर. या आरोपींवर लावलेल्या बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्याखाली जामीन मिळणंच इतकं अवघड, की सुटणारा माणूस कोणतीही अट मान्य करतो. याला खुशीची संमती म्हणता येत नाही.

त्याच प्रकरणातल्या गौतम नवलखा यांच्या बाबतीत पाळतीचा खर्चही समोर आला. त्यांना जामीन नव्हता, नोव्हेंबर २०२२ मध्ये तळोजा कारागृहातून काढून नवी मुंबईत, बेलापूरजवळ नजरकैदेत ठेवलं गेलं. दारात कॅमेरे, पहाऱ्याला पोलीस. खर्च त्यांनीच द्यायचा. सुरुवातीला २ लाख ४० हजार भरायला सांगितले. २०२४ मध्ये तपास यंत्रणेने सुमारे १ कोटी ६४ लाखांचा हिशेब मांडला आणि १४ मे २०२४ रोजी त्यांचा जामीन खुला करताना सर्वोच्च न्यायालयाने २० लाख भरायला सांगितले. हे टोकाचं उदाहरण आहे हे मान्य. पण तत्त्व लक्षात घेण्यासारखं आहे : पाळत राज्याची, बिल आरोपीचं. अमेरिकेतल्या अनेक परगण्यांत पट्ट्याचं भाडं असंच आरोपीकडून घेतलं जातं. ज्याला जामीनदार मिळत नाही तो भाडं कुठून देणार, हा प्रश्न तिथेही अजून सुटलेला नाही.

पायात बांधायचा खरा पट्टा भारतात पहिल्यांदा वापरला तो जम्मू-काश्मीर पोलिसांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, जम्मूच्या विशेष न्यायालयाच्या आदेशाने, दहशतवादाच्या खटल्यातल्या एका आरोपीसाठी. त्याच वर्षी केंद्र सरकारने राज्यांना पाठवलेल्या आदर्श कारागृह कायद्यात रजेवर जाणाऱ्या कैद्यांसाठी ट्रॅकरची तरतूद होती. त्याच वर्षी संसदेच्या गृहविषयक स्थायी समितीनेही पट्ट्यांची शिफारस केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच संशोधन विभागाच्या अहवालाने कमी आणि मध्यम जोखमीच्या कच्च्या कैद्यांवर हा प्रयोग करून बघायला सुचवलं. त्यात ओडिशाचा हिशेब आहे : एका कच्च्या कैद्यावर वर्षाला सुमारे एक लाख खर्च होतो, ट्रॅकर दहा-पंधरा हजारांत येतो. विधी आयोगाने मात्र २०१७ च्या २६८व्या अहवालात सावध केलं होतं की या उपायाचा नागरिकाच्या मूलभूत हक्कांवर खोल परिणाम होतो, तेव्हा तो जपून वापरा.

ओडिशाच्या हिशेबावर मला थांबावंसं वाटतं. पंधरा हजार ही यंत्राची किंमत. नियंत्रण कक्षात तीन पाळ्यांत बसणारी माणसं, इशाऱ्यावर धावणारी गाडी, सिमचा खर्च, तुटलेले पट्टे हे त्यात नाही. आणि मुख्य गोष्ट, तुलना कुणाशी करायची? ‘कमी जोखमीचा’ कच्चा कैदी म्हणजे आपला गवंडी. त्याला जातमुचलक्यावर सोडलं तर खर्च एका कागदाचा. लाखाऐवजी पंधरा हजार ही बचत तेव्हाच, जेव्हा तो एरवी आतच राहणार हे आपण गृहीत धरतो. कमी जोखमीचा असेल तर तो आत का आहे? हा प्रश्न विचारला गेला पाहिजे आणि पट्टा आला की तो विचारायचं राहून जातं, हीच मला यातली मोठी भीती वाटते. उद्या एखाद्या न्यायाधीशाला वाटेल, साधा सोडला आणि पळाला तर बोल माझ्यावर येईल, पट्टा घातलेला बरा. मग तुरुंगातली माणसं तितकीच राहतील आणि जी एरवी मोकळी सुटली असती ती पट्ट्यात सुटतील.

८ जुलै २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल म्हणून महत्त्वाचा. फ्रँक व्हायटस हा नायजेरियन नागरिक अमली पदार्थांच्या प्रकरणात २०१४ पासून अटकेत होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्याला जामीन देताना अट घातली की त्याने गूगल मॅपवर पिन टाकून आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला दिसेल असं करावं. प्रकरण न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांच्यापुढे आलं. ओक यांनी वकिलीची सुरुवात ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात केली होती. जामिनाचे कागद जमवताना माणसाची काय दमछाक होते हे खालच्या न्यायालयात काम केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. न्यायालयाने ज्येष्ठ वकील विनय नवरे यांना न्यायमित्र नेमलं आणि सरळ गूगलकडेच खुलासा मागितला. उत्तर आलं की पिन टाकणं पूर्णपणे वापरणाऱ्याच्या हातात असतं आणि तिच्यावरून माणसाचा चालता माग काढता येत नाही. म्हणजे देशातली न्यायालयं घालत असलेली ही अट तांत्रिकदृष्ट्याच निरुपयोगी होती.

न्यायालय तेवढ्यावर थांबलं नाही. जामिनाच्या अटी कायद्यात सांगितलेल्या आहेत : हजर राहा, तसाच गुन्हा करू नका, साक्षीदारांना हात लावू नका. शिवाय ‘न्यायाच्या हितासाठी’ इतर अटी घालता येतात, आणि याच शब्दांतून लोकेशनची अट आत शिरली होती. न्यायालयाने सांगितलं की हे शब्द हवे तसे ताणता येणार नाहीत. आरोपी निर्दोष मानला जातो, त्याचे संविधानाच्या एकविसाव्या कलमाखालचे हक्क शाबूत असतात, आणि त्याच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट म्हणजे जामीन देऊनही एक प्रकारची कैदच. तशी अट घालता येणार नाही. घोट्याच्या पट्ट्याचा प्रश्न त्या प्रकरणात थेट नव्हता. पण सतत माग ठेवण्यासाठीच जे यंत्र बनलं आहे, त्याला हे तत्त्व लागू पडणार नाही असं म्हणणं कठीण आहे. निदान संसदेने स्पष्ट कायदा केल्याशिवाय न्यायालयांनी आपापल्या मनाने पट्टे बांधू नयेत, असा त्याचा मला अर्थ लागतो.

फुलचूरच्या माणसासाठी मात्र ओक यांचा आणखी एक आदेश जास्त उपयोगाचा आहे. ३१ जानेवारी २०२३ चा, न्यायमूर्ती संजय किशन कौल यांच्यासोबत दिलेला. जामीन मंजूर झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आदेशाची प्रत कारागृह अधीक्षकांमार्फत कैद्याला मिळाली पाहिजे. सात दिवसांत तो सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिन्याभरात जामीन भरला गेला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. आणि स्थानिक जामीनदाराचा हट्ट हेच उशिराचं एक कारण असल्याने ती अट न घालण्याचं सुचवलेलं आहे. बालाघाटचा सासरा इथे चालला पाहिजे. शिवाय केंद्राच्या २०२३ च्या गरीब कैदी साहाय्य योजनेत जामिनासाठी ४० हजारांपर्यंत मदतीची सोय झाली. भंडाऱ्याच्या कारागृहात मुलाखतीला जाणाऱ्या बाईला गरीब आरोपींना मोफत वकील देणाऱ्या लोक अभिरक्षक कार्यालयाने आधी हे सांगितलं, तर ट्रॅकरची चर्चा तिच्या नवऱ्यापुरती तिथेच संपते.

आणि तारखेला येण्याचं काय? माणसं पळून जातात म्हणून गैरहजर राहतात असं आपण समजतो. बरेचदा ती पेशी विसरतात, कागद कळत नाही, मजुरी बुडते किंवा कामासाठी रायपूर-हैदराबादकडे गेलेली असतात. न्यूयॉर्कमध्ये संशोधकांनी समन्सचा कागद सोपा करून पाहिला, तारखेआधी फोनवर संदेश पाठवून पाहिले आणि २०२० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष मांडले : सोप्या कागदाने गैरहजेरी १३ टक्क्यांनी घटली, संदेशांनी २१ टक्क्यांनी. आपल्याकडे ई-कोर्ट्सची संदेश सेवा आहेच. ती आरोपीच्या फोनवर, मराठीत किंवा हिंदीत, आदल्या दिवशी पोहोचवायला नवं यंत्र लागत नाही.

मग पट्ट्याला कुठेच जागा नाही का? आहे. अर्जेंटिनाच्या ब्यूनोस आयरेस प्रांतात खटल्याआधीच बऱ्याच आरोपींना पट्ट्यावर घरी ठेवलं जाई. राफाएल दी तेला आणि एर्नेस्तो शार्ग्रोद्स्की यांनी २०१३ मध्ये त्याचा अभ्यास मांडला. तुरुंगातून सुटलेल्यांपैकी सुमारे २२ टक्के पुन्हा पकडले गेले, पट्ट्यावर राहिलेल्यांपैकी १३ टक्के. तुरुंग माणसाला बिघडवतो आणि घर सावरतं, हे यातून दिसतं. तिथे तुलना पट्टा की मोकळीक अशी नव्हती, पट्टा की तुरुंग अशी होती. २००८ मध्ये पट्ट्यावरच्या एका माणसाने एका कुटुंबाची हत्या केली आणि ती योजना थांबवण्यात आली. एका भीषण घटनेने हजारोंचा रस्ता बंद होतो, हाही या विषयाचा भाग आहे, आणि न्यायाधीशांची भीती त्यातूनच येते.

माझं मत असं बनलं आहे. जामिनाचा प्रश्न असतो, हा तारखेला येईल का? पट्टा उत्तर देतो, हा आत्ता कुठे आहे. बहुतेक प्रकरणांत दुसऱ्या प्रश्नाची गरजच नसते. पण काही प्रकरणांत तोच खरा प्रश्न असतो. नवऱ्याने कोयता घेऊन मारायची धमकी दिलेली बाई, साक्ष देणार म्हणून घर सोडावं लागलेली मुलगी. तिला पेशीची फिकीर नसते. तो आपल्या गल्लीत आला आहे का, एवढंच तिला कळायला हवं असतं. स्पेनमध्ये २००९ पासून अशा प्रकरणांत आरोपीच्या अंगावर ट्रॅकर आणि बाईच्या हाती दुसरं यंत्र दिलं जातं. तो ठरलेल्या अंतराच्या आत आला की तिला आणि नियंत्रण कक्षाला एकाच वेळी इशारा जातो. इथे बाकी सगळा दिवस तो कुठे फिरला याची नोंद कुणाला द्यायची गरज नाही. अंतर मोडलं तेवढंच कळलं तरी पुरतं.

असा कायदा आपल्याकडे झाला तर त्याने हे साफ लिहावं : न्यायालयाने आधी लेखी कारण देऊन जामीन नाकारण्यासारखी स्थिती दाखवावी, तरच पट्टा. खर्च राज्याचा. माहिती न्यायालयाच्या ताब्यात, तपास अधिकाऱ्याच्या फोनवर नाही. मुदत ठरलेली, आणि दर काही महिन्यांनी पुन्हा सुनावणी. बॅटरी उतरली किंवा नेटवर्क गेलं एवढ्यावर अटक नाही. आणि सालेकसाच्या एखाद्या गावात रात्री दोनला इशारा वाजला तर ठाण्यातून गाडी किती मिनिटांत पोहोचते, हे योजना सुरू करण्याआधी प्रत्येक तालुक्यात मोजून जाहीर करावं.